प्रोग्रेसिव्ह चष्मा: किंमत लेन्सची, निकाल ठिपक्याचा

चाळिशी हा मराठीत वयाचाही शब्द आहे, डोळ्यांच्या तक्रारीचाही आणि नाकावर बसणाऱ्या वस्तूचाही. वय चुकत नाही, तक्रारही चुकत नाही. वस्तू मात्र निवडता येते आणि नेमके तिथेच पैसे भलतीकडे जातात. बाजारात चार प्रकार मिळतात: फुटपाथवरचा तयार चष्मा, बायफोकल (वर लांबचा, खाली जवळचा नंबर), प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत, रेघ न दिसता, लांबपासून जवळपर्यंतचे नंबर) आणि ऑफिस लेन्स. त्यातला सगळ्यात महाग, सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारा म्हणजे प्रोग्रेसिव्ह. नीट लागला तर दोन आठवड्यांत चष्म्याचा विसर पडतो. नाही लागला तर वीस हजारांची वस्तू कपाटात आणि जुना चष्मा परत नाकावर. हा फरक बहुतेक वेळा ब्रँडमुळे पडत नाही. दुकानदाराने डेमो काचेवर, म्हणजे फ्रेममधल्या बिननंबरी नमुना काचेवर, मार्करने जे दोन ठिपके काढलेले असतात, ते बरोबर पडले की चुकले, यावर सगळं ठरतं.

बिघाड नेमका काय, ते आधी पाहू. डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत असतं, त्यावर थर चढत जातात आणि वयाबरोबर ते ताठर होतं. जवळचं बघताना आतला स्नायू आवळला जातो, भिंगावरचा ताण सैल होतो आणि ते फुगतं. चाळिशीनंतर स्नायू आपलं काम करतच असतो, पण भिंग फुगायला तयार नसतं. म्हणून डोळे गरगर फिरवण्याचे व्यायाम किंवा गाजराचा रस यांनी चाळिशी उतरत नाही.

चष्म्याच्या नंबरचं एकक डायॉप्टर. हिशेब सोपा आहे: १ भागिले अंतर मीटरमध्ये. ४० सेंटिमीटरवर पेपर वाचायला २.५० डायॉप्टर लागतात, ६५ सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपला साधारण १.५०. दहाव्या वर्षी डोळ्यात १४च्या आसपास ताकद असते, पंचेचाळिशीत ४च्या आसपास उरते आणि साठीनंतर जवळजवळ काहीच नाही. पंचेचाळिशीतल्या ४वर २.५०चं काम भागायला हवं असं वाटेल, पण असलेली सगळी ताकद सतत लावता येत नाही. निम्मी राखीव ठेवली तरच डोळा दमत नाही. म्हणजे वापरायला उरले २, लागतात २.५०. हा तुटवडा आधी संध्याकाळी जाणवतो. भर उन्हात गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचता येते आणि रात्री ट्यूबलाइटखाली येत नाही. कारण उजेडात बाहुली बारीक होते आणि बारीक छिद्रातून धूसर गोष्टही बरीच स्पष्ट दिसते.

तुटवडा भरून काढणारा जो जास्तीचा नंबर, त्याला कागदावर ॲड म्हणतात. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण १.००, पन्नाशीत १.७५ ते २.००, साठीनंतर २.५०. इथे एक चूक वारंवार होते. आपल्याकडे बऱ्याच चिठ्ठ्यांवर ॲड लिहिलेला नसतो, खाली ‘जवळचा नंबर’ म्हणून वेगळी ओळ असते. लांबचा +०.५० आणि जवळचा +२.२५ असेल तर ॲड १.७५ होतो. काउंटरवर कुणी घाईत २.२५ हाच ॲड म्हणून ऑर्डरमध्ये टाकला, तर वाचायच्या भागात +२.७५ येतो आणि पेपर तोंडाजवळ आणावा लागतो. लांबचा उणे असेल तर हीच चूक उलट्या दिशेने होते. ऑर्डर फॉर्म भरला जात असताना ॲडच्या रकान्यात डोकावून बघायला लाजू नये.

आता एकेक प्रकार.

तयार चष्मा म्हणजे स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा, साधारण शंभर ते तीनशे रुपयांचा. नाक मुरडायचं कारण नाही. ज्याचा लांबचा नंबर शून्य आहे आणि दोन्ही डोळे सारखे आहेत, त्याला तो चालतो आणि उत्तम चालतो. आसामच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या चहा खुडणाऱ्या मजुरांना जवळचे साधे चष्मे दिले, तेव्हा चष्मा नसलेल्यांच्या तुलनेत त्यांची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. २०१८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. या चष्म्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत: दोन्ही काचांना एकच नंबर, सिलिंड्रिकल (ठरावीक दिशेतच लागणारा जादा नंबर) नाही आणि दोन काचांच्या केंद्रांमधलं अंतर सगळ्यांना सारखंच. निवडताना लोक हटकून जास्त नंबर उचलतात, कारण +२.५०मधून अक्षरं टपोरी दिसतात. पण ज्याला +१.२५ पुरेसा आहे, त्याने +२.५० लावला तर ४० सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर होतं. जो सगळ्यात कमी नंबर लावून आपल्या नेहमीच्या अंतरावर बारीक अक्षर वाचता येतं, तो आपला.

गाडीवर डोळे तपासून मिळत नाहीत, एवढं मात्र लक्षात ठेवावं. चाळिशीच्या निमित्ताने डोळ्यातला दाब आणि मागचा पडदा एकदा तपासून घ्यावा, मधुमेह असेल तर दरवर्षी. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही आणि सुरुवातीला वाचनही बिघडवत नाही. लक्षात येतो तेव्हा बरीच नजर गेलेली असते. आणि साठीतल्या एखाद्याला अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला तर पेढे वाटू नयेत. बहुधा मोतीबिंदू पिकायला लागलेला असतो आणि त्यामुळे नंबर उणे बाजूला सरकलेला असतो.

बायफोकलमध्ये दुकानात दोन नावं ऐकू येतात, केटी आणि डी. केटीत खालचा वाचायचा तुकडा गोल असतो, डीमध्ये वरून सपाट कापलेला. दिसायला केटी बरी, कारण तिची रेघ कमी उठून दिसते. वापरायला डी सरस. गोल तुकड्याचं केंद्र त्याच्या वरच्या कडेपासून खूप खाली असतं, त्यामुळे नजर कडेवरून उतरताना चित्र उडी मारतं. २२ मिलिमीटरचा गोल आणि ॲड २.०० असेल तर एक मीटरवरची वस्तू एकदम २.२ सेंटिमीटर सरकलेली दिसते. २८ मिलिमीटर रुंदीच्या डीमध्ये केंद्र कडेपासून साधारण ५ मिलिमीटरवर असतं, तिथे ही उडी १ सेंटिमीटरची. जिन्याच्या पायरीवर हा फरक पायाला कळतो. खरी अडचण मात्र वेगळी आहे: ॲड २.००च्या पुढे गेला की लॅपटॉपचं अंतर वरच्या काचेतूनही धूसर आणि खालच्यातूनही. ज्यांच्या दिवसात लॅपटॉप नाही, ओटा-पाट्यावरचं काम आणि पेपर वाचन एवढंच आहे, त्यांना डी बायफोकल स्वस्तात वर्षानुवर्षं साथ देते. त्यांना प्रोग्रेसिव्ह गळ्यात मारणारा दुकानदार ओळखून असावा.

प्रोग्रेसिव्ह लेन्स १९५९ साली फ्रान्समध्ये व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आली. बर्नार्ड मेटेनाझ या अभियंत्याची ती कल्पना. काचेच्या वरच्या भागात लांबचा नंबर, तिथून खाली उतरणारी एक अरुंद पट्टी म्हणजे कॉरिडॉर, त्यात नंबर हळूहळू वाढत जातो आणि तळाला वाचायचा भाग. रेघ नाही, उडी नाही, मधलं अंतर मिळतं. याची किंमत काचेच्या दोन्ही बाजूंना चुकवावी लागते. कॉरिडॉरच्या डाव्या-उजव्या अंगाला नको असलेला सिलिंड्रिकल साचतो आणि तिथून पाहिलं की कडा डुलतात, सरळ दार वाकडं दिसतं.

हा कारखान्याचा दोष नव्हे, ते गणित आहे. १९६३ साली मिंकविट्झ या गणितज्ञाने ते मांडलं: कॉरिडॉरमध्ये खाली उतरताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला धूसरपणा वाढतो. ॲड २.०० आणि कॉरिडॉर १४ मिलिमीटर धरला तर दर मिलिमीटरला नंबर ०.१४ने चढतो, म्हणजे बाजूला धूसरपणा दर मिलिमीटरला ०.२८ने वाढतो. ०.५० डायॉप्टरपर्यंतचा धूसरपणा माणूस खपवून घेतो असं मानलं, तर मधल्या रेषेच्या दोन्हीकडे मिळून जेमतेम ३.५ मिलिमीटर रुंदीची स्वच्छ वाट मिळते. छोट्या फॅशनेबल फ्रेमसाठी कॉरिडॉर १० मिलिमीटरचा घेतला की ती वाट २.५ मिलिमीटरवर येते. ॲड १.०० असेल तर मात्र १४च्या कॉरिडॉरमध्ये ती ७ मिलिमीटर असते. म्हणून पंचेचाळिशीत पहिला प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याला तो चटकन लागतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी थेट २.२५ ॲडवर उडी घेणारा महिनाभर कुरकुरतो.

महाग डिजिटल किंवा फ्रीफॉर्म (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने घडवलेली) लेन्स हा धूसरपणा काढून टाकत नाही. तो कुठे न्यायचा ते जास्त हुशारीने ठरवते. सतरंजीची सुरकुती एकीकडे दाबली की दुसरीकडे उठते, तसाच हा प्रकार. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हिरव्या-पिवळ्या रंगांची जी चित्रं असतात, ती बघून ‘याच्यात धूसर भाग नाहीच’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

आता ठिपक्यांकडे. वाट साडेतीन मिलिमीटरची म्हणजे बाहुलीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना पावणेदोन. समजा दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६२ मिलिमीटर आहे. नाक अगदी मधोमध असतंच असं नाही: उजवा डोळा नाकाच्या मध्यापासून ३२.५, डावा २९.५, हे अगदी नेहमीचं. दुकानदाराने ६२चे दोन भाग करून ३१-३१ लिहिले, तर प्रत्येक डोळा वाटेच्या मध्यापासून दीड मिलिमीटर सरकला. पावणेदोनमधले दीड गेले. मग लेन्स पाच हजारांची असो की पस्तीस हजारांची, वाचताना डोकं एका बाजूला वळवावंच लागतं. म्हणून पीडी प्रत्येक डोळ्याचा वेगळा मोजलेला हवा, ऑर्डरवर दोन आकडे दिसले पाहिजेत.

दुसरं माप उंचीचं: बाहुलीच्या मध्यापासून फ्रेमच्या आतल्या खालच्या कडेपर्यंत. नेहमीच्या कॉरिडॉरला किमान १८ मिलिमीटर लागतात, आखूड डिझाइनला १४च्या आसपास. फ्रेमच्या काचेची उभी उंची २८-३० मिलिमीटर तरी असावी. हे माप घेण्याची पद्धतच दुकानाचा दर्जा सांगते. आधी फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर बसवली पाहिजे: नोजपॅड दाबून-उघडून, दांड्या कानामागे वाकवून, खालची कड गालाकडे ८ ते १२ अंश झुकवून. मग माप घेणारा तुमच्या समोर, डोळ्याच्या त्याच पातळीवर बसतो. तुम्ही नैसर्गिक मान ठेवून समोर बघायचं आणि त्याने डेमो काचेवर बारीक मार्करने बाहुलीच्या मध्यावर ठिपका द्यायचा. नंतर फ्रेम काढून, पुन्हा घालून, ठिपका तिथेच येतो का ते बघायचं. तुम्ही स्टुलावर आणि तो उभा, वरून वाकून ठिपका देतोय, असं असेल तर माप चुकणार. फ्रेम नीट न बसवताच माप घेतलं आणि चष्मा तयार झाल्यावर नोजपॅड वाकवले तरी सगळं वर-खाली होतं. काही दुकानांत टॅब्लेटच्या कॅमेऱ्याने माप घेतात. तेही चांगलं, पण फ्रेम आधी बसवलेली असेल तरच.

याच कारणासाठी प्रोग्रेसिव्ह सेल्फीवरून पीडी काढून ऑनलाइन मागवू नये. एकाच नंबरचा चष्मा खुशाल मागवा. प्रोग्रेसिव्हला उंचीचं माप लागतं आणि ते तुम्ही निवडलेली फ्रेम तुमच्या नाकावर असतानाच घेता येतं. घरी माणूस पाठवून फ्रेमसकट माप घेणारी सेवा असेल तर ती दुकानाच्या बरोबरीची धरायला हरकत नाही.

चष्मा हातात आल्यावर तपासणी पाच मिनिटांची आहे. काचेवर श्वासाची वाफ सोडून ती उजेडासमोर तिरकी धरली की प्रत्येक काचेवर दोन बारीक कोरलेले गोल दिसतात, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या गोलाखाली ॲड कोरलेला असतो, नाकाकडे कंपनीची खूण. ॲड चिठ्ठीशी जुळतो का ते बघा. मग समोरच्या दुकानाची पाटी एकेक डोळा झाकून वाचा. त्यानंतर ४० सेंटिमीटरवर पेपर धरून, मान न हलवता, एकेका डोळ्याने कॉलम वाचा: स्वच्छ दिसणारा पट्टा नाकासमोर आला पाहिजे. तो एका बाजूला सरकलेला असेल तर पीडी चुकला. लॅपटॉप बघायला हनुवटी वर करावी लागत असेल तर फिटिंग खाली गेलंय. रस्ता बघायला मान खाली घालावी लागत असेल तर वर गेलंय. एक-दोन मिलिमीटरचा फरक नोजपॅडने भरून निघतो: पॅड जवळ आणले की चष्मा वर चढतो, फाकवले की उतरतो. त्याहून जास्त असेल तर लेन्स बदलूनच घ्यायची.

डुलणं पहिले काही दिवस असतं आणि रोज कमी होतं. दोन आठवडे द्यावेत, मधे जुना चष्मा घालून गोंधळ वाढवू नये. पण समोरची पाटीच पहिल्या दिवसापासून धूसर दिसत असेल, तर ‘सवय होईल’ हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. नंबर किंवा फिटिंग चुकलेलं आहे. सवयीच्या दोनच गोष्टी: जे बघायचं तिकडे नाक वळवायचं, आणि जिना उतरताना हनुवटी छातीकडे न्यायची म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसते. दुचाकीवर आरशात तिरप्या नजरेने बघायची सवय असते. तिथे मान वळवावीच लागते.

काही जणांना प्रोग्रेसिव्ह नकोच. मेडिकल दुकानात वरच्या फळीवरचं लेबल वाचणारा, छताखाली वायर जोडणारा इलेक्ट्रिशियन, यांना जवळचं बघायचं असतं वर, आणि वाचायचा भाग असतो खाली. सराफाकडचा कारागीर २५ सेंटिमीटरवर काम करतो, त्याला ४.०० डायॉप्टर लागतात. अंथरुणात आडवं होऊन वाचणाऱ्यांनी त्यासाठी साधा जवळचा चष्मा उशाशी ठेवावा. दोन डोळ्यांच्या नंबरांत २च्या वर फरक असेल तर खाली बघताना दोन चित्रं वर-खाली होतात, तिथे डॉक्टरांना विचारूनच. तोल जाणाऱ्या वृद्धांमध्ये बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह दोन्हींनी पडण्याचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलं आहे. त्यांना बाहेर फिरायला फक्त लांबचा वेगळा चष्मा बरा. आणि लांबचा नंबर -२.००, ॲड २.०० असं ज्याचं आहे, त्याने चष्मा काढून वाचावं. निसर्गाने ती सोय फुकट दिली आहे.

आठ तास स्क्रीनसमोर बसणाऱ्याला खरी किफायतशीर वस्तू ऑफिस लेन्स आहे आणि दुकानदार ती क्वचितच स्वतःहून सुचवतो. तिच्यात लांबचा रस्ता सोडून दिलेला असतो. वाचायच्या अंतरापासून खोलीच्या टोकापर्यंतचंच दिसतं, त्यामुळे मधली वाट कितीतरी रुंद मिळते. गाडी चालवायला ती घालायची नाही. चौरंगावर पोथी ठेवून बसणाऱ्यांनाही हीच सोयीची, कारण पोथी हातातल्या पेपरपेक्षा लांब असते. नंबर काढायला जाताना पोथी, शिवण, फोन, जे रोज वाचता-करता ते सोबत न्या आणि अंतर दाखवा. कॉम्प्युटरचं मशीन लांबचा अंदाज देतं. जवळचा नंबर ट्रायल फ्रेम घालून, विचारून-विचारूनच निघतो.

काचेचा प्रकार फार डोकेफोड करण्यासारखा नाही. तीनच्या आतल्या नंबरला १.५० किंवा १.५६ इंडेक्सची (हा आकडा जितका मोठा तितकी काच पातळ) साधी काच पुरते. पॉलीकार्बोनेट आपटण्याला मजबूत, पण कडांना रंगीत झालर दाखवते. १.६७ आणि १.७४ मोठ्या नंबरांसाठी. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्यावंच: साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून ८ टक्के उजेड परत फिरतो आणि रात्री समोरच्या हेडलाइटचे डाग दिसतात. ब्लू-कटसाठी, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचेसाठी, जादा पैसे देऊ नयेत. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात स्क्रीनमुळे येणाऱ्या थकव्यावर त्याचा काही काळापुरताही फायदा दिसला नाही. काच आधी नळाखाली धरायची, मग पुसायची. कोरड्या काचेवर पदर किंवा शर्टाचं टोक फिरवलं की धूळच ओरखडे काढते. आणि कारच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला की उन्हाने कोटिंगला तडे जातात.

चाळिशीसाठी डोळ्यात घालायच्या थेंबांविषयी विचारणा खूप होते. पिलोकार्पिनचे थेंब बाहुली बारीक करून काही तास जवळचं दाखवतात; भिंग आहे तिथेच राहतं. मुंबईच्या एका कंपनीच्या अशा थेंबांना २०२४ साली औषध नियंत्रकांनी दिलेली परवानगी, जाहिरातीतल्या दाव्यांमुळे काही आठवड्यांतच स्थगित झाली होती.

पैशांचं बोलायचं तर प्रोग्रेसिव्हच्या जोडीला साधारण दोन हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत काहीही सांगतात. ॲड १.५०पर्यंत असेल आणि नंबर साधा असेल तर खालच्या पायरीची लेन्स पुरेशी आहे. २.००च्या पुढे मधल्या पायरीची घ्यावी, तिथे फरक खरोखर जाणवतो. सगळ्यात वरची पायरी मोठा सिलिंड्रिकल असलेल्यांसाठी आणि आधी एकदा प्रोग्रेसिव्ह न जमलेल्यांसाठी. बाकीच्यांनी तो पैसा चांगलं माप घेणाऱ्या दुकानात जायच्या रिक्षाभाड्यावर घालवावा. बिलावर जीएसटी ५ टक्केच लागला का ते बघा. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी तो १२ होता. सवय न झाल्यास लेन्स बदलून मिळण्याची मुदत बिलावरच लिहून घ्या, तोंडी नको.

आणि लेन्सचा लिफाफा फेकू नका. त्यावर डिझाइनचं नाव आणि बहुधा कॉरिडॉरची लांबीही असते. दोन-तीन वर्षांनी ॲड ०.२५ने वाढला की तेच डिझाइन, तोच कॉरिडॉर मागा, म्हणजे डोळ्यांना नवी वाट शोधत बसावं लागत नाही.